लॉरेन्स मास्तरांची हरकत

आमच्या आणि लॉरेन्स मास्तरांच्या जागेच्या मध्ये एक रायवळ आंबा आहे. मध्ये म्हणजे अगदी मध्ये. दोन जागांमधला चिऱ्यांचा गडगा त्या झाडाच्या बुंध्याशी येऊन थांबतो आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो. झाड आधी की गडगा आधी, यावर माझे वडील आणि मास्तर माझ्या जन्माआधीपासून भांडत होते. वडिलांना सगळं आचरा गाव 'दाजी' म्हणायचं, म्हणून घरात मीही दाजीच म्हणायचे. ते एसटीत कंडक्टर, मास्तर हायस्कुलात गणित शिकवायला. नोकरीत असताना दोघांचं भांडण रविवारपुरतं असायचं. निवृत्तीनंतर त्याला हवा तेवढा वेळ मिळू लागला.

दाजींचं म्हणणं, त्यांच्या वडिलांनी खाऊन टाकलेल्या कोयीतून ते झाड उगवलं. मास्तरांचं म्हणणं, कोय त्यांच्या आईने टाकली. साक्षीदार कोणीच हयात नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजू भक्कम होत्या. आंब्याच्या दिवसांत दाजी आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाखाली उभे राहिले की मास्तर पलीकडून ओरडायचे, "दाजी, ती फांदी आमची!" आणि दाजी मान वर न करता म्हणायचे, "मगे तिका हाक मारून बघ. येता काय तुझ्याकडे?"

चतुर्थीला आई नेवऱ्यांचं ताट गडग्यावरून सबीनाआंटीच्या हातात द्यायची आणि नाताळात तिकडून नारळाच्या दुधातला दोदोल यायचा. त्या वेळी दोघे पुरुष आपापल्या घरात पेपर तोंडासमोर धरून बसायचे. भांडणात खंड पडला, असा कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

दाजी या वर्षी चैत्रात गेले.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. कोकणातल्या रायवळ आंब्यांचा डीएनए वाचायचं आमचं काम चालू आहे. हापूस कलमाचा, म्हणजे एका झाडाची नक्कल दुसरं झाड. रायवळ कोयीतून आलेला, म्हणजे प्रत्येक झाड स्वतःच्या बुद्धीने वाढलेलं. दोन वर्षांपूर्वी मी दाजींकडे पानं मागितली, तेव्हा त्यांनी ती स्वतः काढून दिली. अर्थात आमच्या बाजूची. नंतर विचारलं, "झाडाचा नाव काय घालतलास?"

"नंबर असता, दाजी. रा-सतरा."

"नंबर गाडयेक असता. माझा नाव घाल."

मी हसले आणि बघू म्हटलं. ते गेल्यावर मी आईसोबत राहायला घरी आले. काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे पडवीत बसूनही करता येतं. झाडाचा डीएनए वाचून झाला होता. चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन झालेला तो कोट्यवधी अक्षरांचा मजकूर, ना स्वल्पविराम ना परिच्छेद. त्यात जीन कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचा अंदाज एक प्रोग्राम बांधतो. मग तो मजकूर पडद्यावर नकाशासारखा उघडायचा, डावीकडून उजवीकडे सरकवत जायचं आणि प्रोग्रामने जिथे खुणा केल्यात तिथे त्या खऱ्या आहेत का, हे माणसाने तपासायचं. तो माणूस मी.

ऑक्टोबरात पुण्याहून दीपिकाचा फोन आला. दीपिका आमची प्रमुख, नागपूरची, एका वाक्यात तीन कामं सांगणारी.

"अनुजा, झाडांना नावं देता येतील, मंजुरी आलीय. तुझ्या वडिलांची सही आहेच. पण झाड हद्दीवर आहे ना? मग शेजाऱ्यांचंही 'हरकत नाही' लागेल. शुक्रवारी सगळं सार्वजनिक करतोय. तोवर मिळालं नाही तर रा-सतरा राहील आणि मग ते बदलता येत नाही, जगभर तेच चालतं."

मला दाजींचं नाव हवं होतं. माणूस गेल्यावर त्याचं नाव सगळीकडून कमी करण्याचीच कामं मागे राहिलेल्यांना करावी लागतात. रेशनकार्ड, बँक, विजेचं बिल. सहा महिने मी तेच करत होते. एखादं ठिकाण असं असावं जिथे ते नव्याने लिहिलं जाईल, एवढंच वाटत होतं.

मास्तरांना सांगायला गेले, तर ते अंगणात सुपारी सोलत होते.

"नाव? दाजीचा? त्या झाडाक?" त्यांनी सुपारी खाली ठेवली. "आणि मी सही करूची?"

"होय."

"बाये, माझ्या आवशीन टाकलेल्या कोयीक दाजीचा नाव? उद्या माझ्या कुत्र्याकय घाल."

"मास्तर, झाडाक काय फरक पडता?"

"झाडाक नाय पडणा. माका पडता." त्यांनी सुपारी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "आधी माका बघूक व्हया. न बघता मी कसलीच सही करणंय नाय. फाल्यां येतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. आमच्या पडवीत ते याआधी कधी आले होते, मला आठवत नाही. भांडण करायला गडगा होता, त्याच्या अलीकडे यायची गरज पडली नव्हती. आईने खुर्ची दिली. त्यांनी ती पुसून घेतली. आईने ते पाहिलं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ही रेघ म्हणजे झाड?"

"सगळा नाय. चौदाव्या गुणसूत्राचो एवढोसो तुकडो."

"आणि ह्यो पेटयो?"

"एका रेघेन जोडलेल्यो सगळ्यो पेटयो मिळान एक जीन. पेटी म्हणजे कामाचो भाग. मधली बारीक रेघ आसा ना, तो मजकूर झाड वाचताना गाळता."

"म्हणजे वर्ग. पुढे अभ्यास करणारी पोरां आणि मधी झोपणारी." मास्तर खूश झाले. मी एका पेटीची कड माउसने धरून जरा सरकवली आणि पुरावा कुठवर जुळतो ते दाखवलं. प्रोग्रामची चूक होती, ती दुरुस्त केली आणि शेऱ्याच्या चौकटीत कारण लिहिलं. मास्तर गणिताचा पेपर तपासत असल्यासारखे पुढे झुकले.

"थांब. मागे घे. हो बघ, ह्या जीनाचो पाय दुसऱ्याच्या जाग्यात गेलो आसा."

"जातत तशे. एक हयसून थंय वाचूचो, दुसरो उलट्या बाजून. दोघांकय तीच जागा पुरता."

"असा कसा चलात? मोजणी कोणी केली?"

"कॉम्प्युटरान."

"मगे चूक आसतलीच. आणि ह्या काय? ह्याच्या पोटात आख्खो दुसरो जीन ऱ्हवता!"

"होय, आसता कधीकधी. मोठ्या जीनाच्या मधल्या रेघेत बारको जीन."

"भाडा देता?"

आई आत हसली. मी चहा आणायला गेले. साखर संपली होती म्हणून आईने गूळ किसायला घेतला, आणि त्यात वेळ गेला. परत आले तर मास्तर हात मांडीवर ठेवून, परीक्षेच्या वर्गात बसतात तसे सरळ बसले होते. चहा प्यायले, चांगला झालाय म्हणाले आणि सहीचं काही न बोलता गेले.

सकाळी दीपिकाचा फोन.

"अनुजा, काल दुपारी चौदाव्या गुणसूत्रावर तू काय केलंस?"

"काही नाही. एक कड सरकवली."

"एक? तुझ्या नावावर ढीगभर बदल आहेत. एकमेकांवर येणारे सगळे जीन तू कापून वेगळे केलेत. मध्ये सारखं अंतर सोडलंय. आणि प्रत्येक ठिकाणी शेऱ्यात लिहिलंय, 'गडगो घातलो'. हा गडगो कुठला नवीन प्रोग्राम आहे?"

मी डोळे मिटले. मास्तर निवृत्तीनंतर चर्चचं पत्रक स्वतः टाइप करतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"प्रोग्राम नाही," मी म्हटलं. "कंपाउंड."

"कसलं कंपाउंड?"

"चिऱ्यांचं."

मग दीपिका म्हणाली, "एका जीनच्या पोटातला जीन तू काढून टाकलायस. शेरा आहे, 'भाडा देणा नाय'."

प्रत्येक बदल कोणी कधी केला, हे त्या प्रोग्राममध्ये राहतं, आणि मागे जाता येतं. एकेक गडगा पाडण्यात माझी दुपार गेली. संध्याकाळी मास्तर आपणहून आले आणि पायरीवरूनच विचारलं, "बघलंस?"

"बघलंय. सगळा परत होता तसा केलंय."

"कित्याक? इतक्या शेजाऱ्यांची भांडणां मिटवलंय मी!"

"ते भांडत नव्हते, मास्तर. ते तसेच ऱ्हवतत."

"एकमेकांच्या जाग्यात?"

"होय."

"आणि आंबो येता?"

"येता. तुमी खाल्लात ना जन्मभर."

"माझ्या बाजूचो खाल्लंय," मास्तर घाईने म्हणाले.

आतून आई म्हणाली, "दुसऱ्यांची भांडणां मिटवक येता हेंका. स्वतःचा तेवढा लोणच्यासारख्या मुरवत ठेवला!"

मास्तर गडग्याकडे बघू लागले. मी त्या संधीचा फायदा घेतला. मधल्या वेळात मी एक तोड शोधून ठेवली होती आणि दीपिकाने तिला होकारही दिला होता. ("चालेल. फक्त त्यांना कीबोर्डपासून लांब ठेव.") मी त्यांना वर बोलावलं आणि पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक उघडल्या.

"प्रत्येक झाडाकडे डीएनएचे दोन संच असतत, मास्तर. एक आवशीकडसून इलेलो, एक बापाशीकडसून. आमी दोनय वेगळे वाचले. ही एक रेघ, ही दुसरी. एका संचाक दाजींचा नाव, एकाक तुमचा. अर्धा अर्धा. कोणाची कुरकुर नको."

खरं तर मला अर्धं नको होतं. पण रा-सतरापेक्षा अर्धं बरं.

मास्तर दोन्ही रेघांकडे बघत राहिले. "वर कोणाचा?"

"वर-खाली काय नसता."

"पडद्यार एक वर दिसताच."

"मगे तुमचा वर घालतंय."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लगेच?"

"होय. लगेच."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, ते खूश होतील. "बरा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. गडग्यापाशी झाडाखाली थोडा वेळ थांबलेले दिसले.

सकाळी सबीनाआंटीने गडग्यावरून हाक मारली. "अनुजा गो, काय सांगलंस तेका काल? धड जेवक नाय, टीव्ही लावक नाय. माझ्याशीय भांडाक नाय."

"नाव वर घालूक तयार झालंय, आंटी. आणखी काय करू?"

"वर?" आंटीने कपाळावर हात मारला. "आणि तू भांडलंस नाय?"

"कित्याक भांडू? माका सही व्हयी."

"मगे तसाच जावचा. जिंकाक सवय खंय आसा तेका! इतकी वर्षां दाजीन एकदाय जिंकाक दिला नाय." आंटीने बादलीतला कपडा पिळला आणि दोरीवर टाकला. "दाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो झाडाखाली येवन उभो ऱ्हवता. मी ईचारलंय, काय बघतास? म्हणालो, आंबे मोजतंय. ऑगस्टात, गो. आंबे खंय होते तेव्हा?"

मी घरात आले आणि काम उघडलं. त्या दिवशी फारसं पुढे सरकलं नाही.

गुरुवारी दुपारी मास्तर आले ते खुर्चीवर न बसता उभेच राहिले. "वाटणी नको," म्हणाले.

"मास्तर, फाल्यां शुक्रवार आसा."

"माहीत आसा. कॅलेंडर आमच्याकडेय आसा. वाटणी केली काय भांडण संपला. कागदार संपला म्हणजे संपलाच. मगे मी सकाळी उठान करू काय? सबीनाशी भांडूक मजा नाय. ती ऐकताच नाय." ते झाडाकडे बघत बोलत होते. "दाजी ऐकायचो. पुरा ऐकायचो, आणि मगे माझा वाक्य उलटा करून माझ्याच तोंडार मारायचो. गावात तेवढो लक्ष देवन माझा बोलणा ऐकणारो दुसरो कोण होतो?"

मलाही तोच प्रश्न होता, फक्त माझं बोलणं वेगळं असायचं.

"नाव दाजीचाच घाल," मास्तर म्हणाले. "दोन्ही रेघांक. पण माझी हरकत आसा. ती लिव."

"हरकत असली तर नाव पडत नाय."

"मगे असा लिव. नाव घालूक हरकत नाय, झाड तेचा म्हणूक हरकत आसा."

मी दीपिकाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "मला त्यांची सही हवी," ती म्हणाली. "शेऱ्यात तुम्ही लोक काय लिहायचं ते लिहा. तिथे आधीच गडगे घालून झालेत."

मास्तरांनी सही केली. गणिताच्या मास्तरांची सही, कोपऱ्यांना टोक असलेली. मी फोटो पाठवला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर रा-सतरा होतं तिथे दाजी दिसू लागलं. आईला बोलावलं. तिने पदराला हात पुसले, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या बारक्या अक्षरात?" मी अक्षर मोठं करून दाखवलं. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि मग भात लावायचाय म्हणून आत गेली.

"आता माझा," मास्तर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. घसा साफ करून त्यांनी मामलेदार कचेरीत बोलतात त्या मराठीत सांगायला सुरुवात केली. "सदर वृक्ष उभय जागांच्या सीमेवर उभा असून, त्यास कैलासवासी दाजी यांचे नाव देण्यास..."

मी टाइप करत होते. ते मध्येच थांबले.

"तां 'कैलासवासी' काढ."

"कित्याक?"

"कैलासवासी लावन भांडाक कसा येतला? समोरचो माणूस बरोबरीचो व्हयो."

मी तो शब्द काढला. दाजी गेल्यापासून प्रत्येक कागदावर तो मी स्वतःच्या हाताने घालत आले होते. काढताना बोट जरा थांबलं.

"लिव पुढे. यांचे नाव देण्यास माझी हरकत नाही. मात्र सदर झाड त्यांचे होते, हे मला मान्य नाही आणि यापुढेही होणार नाही. लॉरेन्स पिंटो, सेवानिवृत्त शिक्षक. झाला?"

"झाला."

"आता तेचा उत्तर घाल."

"कोणाचा?"

"दाजीचा. एकतर्फी नोंद माका चलाची नाय. मी बोललंय, आता तो बोलांदे. तुका माहीत आसतला तो काय म्हणालो असतो. चेडू कोणाचा तू?"

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले. इतके महिने मी दाजींच्या वतीने अर्ज केले होते, खाती बंद केली होती, सगळं त्यांच्याबद्दल, तृतीयपुरुषी. त्यांच्या तोंडचं एक वाक्य मात्र लिहिलं नव्हतं. मला वाटलं, काही सुचणार नाही. पण सुचलं, तेही मालवणीत, त्यांच्या त्या तिकीट फाडताना लागायच्या सुरात. मी लिहिलं, "लॉरेन्स, तुझ्या अंगणात पडलेले आंबे तुका गोड लागतत, कारण ते माझे आसत."

मास्तरांनी वाचलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "खोटा!"

"काय खोटा?"

"लॉरेन्स म्हणूचो नाय तो माका. 'मास्तरा' म्हणायचो."

"रागात असले काय लॉरेन्सच म्हणायचे. मी ऐकलंय."

"तू पुण्याक होतंस, काय ऐकतलंस?"

"मे महिन्यात हयसरच असायचंय मी! आणि तुमचो आवाज ऐकाक पुण्यासून आचऱ्याक येवची गरज नव्हती!"

"बघ, बघ! आणि दुसरा. आंबो गोड आसा असा तो कबूल करूचोच नाय माझ्यासमोर. माझ्या बाजूचो आंबट, असाच म्हणायचो."

"तुमी खाताना तोंड कसा करीत होतास तां ते बघीत होते, मास्तर. तुमका काय वाटला, तेंका कळत नव्हता?"

माझा आवाज चढला होता. किती दिवसांनी चढला, कोण जाणे. स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती, हातात पळी. "सुरू झाला परत," ती कोणालाच न उद्देशून म्हणाली आणि दोन कप चहा ठेवायला वळली.

मास्तरांनी खुर्ची लॅपटॉपच्या आणखी जवळ ओढली. त्यांचे कान लाल झाले होते आणि चेहऱ्यावर मी गेल्या सहा महिन्यांत न पाहिलेला तजेला होता.

"खाली जागा आसा?" त्यांनी विचारलं.

"आसा."

"मगे लिव. मुद्दो पहिलो."